शेजारी टॉवर येणार, रस्ता मात्र तेवढाच: नगरसेवकाला जाब नेमका कशाचा विचारायचा?

पुण्यातलं बाणेर, खराडी किंवा उंड्री, ठाण्यातला घोडबंदर रस्ता, उपनगर कोणतंही असो, गोष्ट साधारण एकाच क्रमाने घडते. मोकळ्या प्लॉटभोवती पत्रे लागतात. त्यावर नव्या गृहप्रकल्पाची जाहिरात झळकते. शेजारच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "एवढ्या गाड्या जाणार कुठून?" पुढच्या रविवारी नगरसेवकांना क्लब हाऊसमध्ये बोलावलं जातं. चहा होतो, तावातावाने बोलणं होतं, "मी आयुक्तांशी बोलतो" असं आश्वासन मिळतं. सहा महिन्यांनी पाया खोदून झालेला असतो आणि रस्ता होता तेवढाच असतो.

अशा भेटीत बहुतेक वेळा दोन्ही बाजू चुकीच्या मुद्द्यावर बोलत असतात. रहिवासी म्हणतात, परवानगी रद्द करा. ती रद्द करणं नगरसेवकाच्या हातात नसतं. नगरसेवक म्हणतात, यात माझ्या हातात काहीच नाही. तेही पूर्ण खरं नसतं.

हा प्रश्न आत्ता पुन्हा महत्त्वाचा झाला आहे, कारण राज्यातल्या २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं. त्याआधी पुणे, मुंबई, ठाणे यांसारख्या शहरांमध्ये मार्च २०२२ पासून प्रशासक होते. म्हणजे जवळपास चार वर्षं सर्वसाधारण सभा नव्हती, स्थायी समिती नव्हती आणि जाब विचारायला नगरसेवकही नव्हता. या काळात सभेचे निर्णय आयुक्तच प्रशासक म्हणून घेत होते. इमारती मात्र थांबल्या नव्हत्या. आता नगरसेवक परत आले आहेत, त्यामुळे त्यांना नेमकं काय विचारायचं हे माहीत असणं उपयोगाचं ठरेल.

परवानगी देतं कोण?

महाराष्ट्रात बांधकाम परवानगी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली मिळते. सगळीकडे तो एमआरटीपी कायदा म्हणूनच ओळखला जातो. महापालिका हद्दीत महापालिका ही 'नियोजन प्राधिकरण' असते आणि नकाशे मंजूर करण्याचं काम आयुक्तांच्या अधिकारात, बांधकाम परवानगी विभागाकडून होतं. महापालिका अधिनियम, १९४९ नुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्त हे राज्य सरकारने नेमलेले अधिकारी असतात. एखाद्या इमारतीचा नकाशा मंजुरीसाठी सभेपुढे येत नाही, त्यावर नगरसेवक मतदान करत नाहीत.

शिवाय नकाशा नियमात बसत असेल, तर "आधीच ट्रॅफिक आहे" एवढ्या कारणावर तो नाकारणं अधिकाऱ्यालाही सोपं नसतं. जमीनमालकाला नियमांनी जेवढं बांधकाम दिलं आहे, तेवढं तो मागणारच. खरा प्रश्न हा आहे की नियमांनी आणि आराखड्याने त्या जागेवर एवढं बांधकाम कधी आणि कुणाच्या संमतीने दिलं. तिथे नगरसेवकाचा संबंध येतो.

रस्त्याची रुंदी हाच सगळ्या हिशेबाचा पाया

मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडली तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बिल्डरपासून आर्किटेक्टपर्यंत सगळे तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. या नियमावलीत एखाद्या प्लॉटवर किती बांधकाम करता येईल हे बऱ्याच अंशी त्याच्यासमोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं.

पुणे, नागपूर, ठाण्यासारख्या मोठ्या महापालिकांत, दाट वस्तीचा जुना भाग वगळता, मूळ चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे एफएसआय १.१ आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर साधारण तेवढ्यावरच थांबावं लागतं. रस्ता ९ ते १२ मीटरचा असेल तर पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर धरून हा आकडा २ पर्यंत जातो. रस्ता ३० मीटर किंवा त्याहून रुंद असेल तर ३ पर्यंत. म्हणजे ४,००० चौरस मीटरच्या एकाच प्लॉटवर अरुंद रस्त्यावर ४,४०० चौरस मीटर, ९ मीटरच्या रस्त्यावर ८,००० आणि ३० मीटरच्या रस्त्यावर १२,००० चौरस मीटर. निवासी इमारतींना यावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र, पुन्हा अधिमूल्य भरून, मिळतं ते वेगळंच. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या टीओडी क्षेत्रात तर पुण्यात ४ पर्यंत एफएसआयची तरतूद आहे.

यामागचं तर्कशास्त्र चुकीचं नाही. रुंद रस्ता जास्त गाड्या पेलू शकतो, म्हणून तिथे जास्त माणसं. अडचण अशी की रस्ता कागदावर रुंद असतो आणि जमिनीवर नसतो. आराखड्यात १८ मीटरचा दाखवलेला रस्ता प्रत्यक्षात मध्येच एका शेतापाशी, एका जुन्या घरापाशी किंवा कोर्टात अडकलेल्या सर्व्हे नंबरपाशी संपतो. म्हणूनच कोणत्याही नव्या प्रकल्पाबद्दल रहिवाशांनी विचारायचा पहिला प्रश्न "किती फ्लॅट?" हा नाही. परवानगी देताना समोरच्या रस्त्याची रुंदी किती धरली आणि आज तिथे टेपने मोजली तर ती किती भरते, हा आहे.

रुंदी बदलली की किती काही बदलतं, याचं उदाहरण पुण्याने २०२० मध्ये पाहिलं. २०१६ च्या टीडीआर धोरणानुसार ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यांवर टीडीआर वापरता येत नव्हता, त्यामुळे जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडला होता. त्यावर उपाय म्हणून शहरातले सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव स्थायी समितीत मंजूर झाला. त्यासाठी महापालिका अधिनियमाचं कलम २१० वापरलं गेलं. या कलमाखाली रस्त्याची रेषा आखता येते. विरोधकांचा आक्षेप होता की निवडक रस्ते घेतले, त्यामुळे फायदाही निवडक विकसकांचा होईल. वाद राज्य सरकारपर्यंत गेला. कुणाचं बरोबर होतं हा भाग बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट त्यातून लख्ख दिसते: एका समितीच्या एका ठरावाने शेकडो गल्ल्यांमध्ये किती मजले चढू शकतात हे बदलतं. आणि त्या समितीत नगरसेवकच बसलेले असतात.

नगरसेवकाचं मत कुठे मोजलं जातं?

सगळ्यात मोठी जागा म्हणजे विकास आराखडा. कुठे निवासी, कुठे शाळेचं आरक्षण, कुठला रस्ता किती रुंद, हे त्यात ठरतं. प्रारूप आराखडा सर्वसाधारण सभेच्या मान्यतेने प्रसिद्ध होतो, त्यावर नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात आणि नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे सदस्य आणि राज्य सरकारने नेमलेले तज्ज्ञ असे दोघेही असतात. हरकतींसाठीची मुदत हल्ली ३० दिवसांची असते. हे ३० दिवस चुकले की पुढची वीस वर्षं त्या आराखड्याबरोबर काढावी लागतात. पुण्याच्या जुन्या हद्दीसाठी तर १९८७ नंतरचा सुधारित आराखडा मंजूर व्हायला २०१७ उजाडलं.

दुसरी जागा कलम ३७. मंजूर आराखड्यात एखादं आरक्षण उठवायचं, शेती विभागाचा निवासी विभाग करायचा, रस्त्याची आखणी हलवायची, तर या कलमाखाली फेरबदल करावा लागतो. प्रस्तावाला सभेची मंजुरी लागते, मग जाहीर सूचना निघते, हरकती घेतल्या जातात आणि शेवटचा शब्द राज्य सरकारचा असतो. ही सूचना वर्तमानपत्रात अगदी बारीक अक्षरात, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरांच्या भाषेत छापून येते. स्वतःच्या सोसायटीच्या आसपासचे सर्व्हे नंबर माहीत नसतील तर ती आपल्याबद्दल आहे हे कळतही नाही. नगरसेवकाला मात्र ती विषयपत्रिकेवर आधीच मिळालेली असते. "ही सूचना निघणार हे तुम्हाला कधी कळलं आणि तुम्ही आम्हाला कधी सांगितलं?" हा प्रश्न म्हणूनच अतिशय न्याय्य आहे.

तिसरी जागा पैशाची. अंदाजपत्रक स्थायी समितीतून सर्वसाधारण सभेकडे जातं. आराखड्यातल्या कोणत्या रस्त्याच्या भूसंपादनासाठी किती तरतूद करायची हे तिथे ठरतं. पुण्यात नगरसेवकांच्या वॉर्डस्तरीय कामांची 'स' यादी असते. त्यातून बाकं, कमानी, दिशादर्शक फलक आणि पुन्हा पुन्हा बदललेले पेव्हर ब्लॉक किती आले आणि अडलेल्या जोडरस्त्यासाठी अंदाजपत्रकात किती मागितले, हा हिशेब प्रभागातल्या कुणालाही मांडता येतो.

जमीन ताब्यात नसताना काम काढलं की काय होतं, ते कात्रज-कोंढवा रस्त्याने दाखवलं. ८४ मीटर रुंदीचं काम २०१८ मध्ये सुरू झालं, भूसंपादन अडलं आणि शेवटी रुंदी ५० मीटरवर आणावी लागली. मुळा नदीवर बालेवाडी आणि वाकडला जोडणारा पूल उभा राहिला, पण बालेवाडीच्या बाजूच्या जोडरस्त्याची जमीन न मिळाल्याने तो वर्षानुवर्षं वापराविना पडून राहिला. दोन्ही ठिकाणी आजूबाजूच्या इमारती मात्र वाढतच होत्या. त्यांच्यासाठी जमिनीचा प्रश्न केव्हाच सुटलेला होता.

गाड्यांचं गणित

"ट्रॅफिक वाढेल" हे वाक्य सभेत टाळ्या मिळवतं, पण फाइलमध्ये टिकत नाही. फाइलमध्ये आकडे टिकतात आणि ते काढायला तज्ज्ञ लागतोच असं नाही.

समजा, १,२०० सदनिकांचा प्रकल्प येतोय. प्रत्येक घरामागे एकच चारचाकी धरली आणि त्यातल्या ४० टक्के गाड्या सकाळच्या गर्दीच्या एका तासात बाहेर पडल्या, तर तासाला ४८० गाड्या होतात. म्हणजे दर साडेसात सेकंदाला गेटमधून एक गाडी. दुचाक्या, स्कूल बस, टँकर आणि डिलिव्हरीवाले यात धरलेले नाहीत. आता दुसरा आकडा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेनुसार दुपदरी, दुतर्फा वाहतुकीच्या शहरी रस्त्याने, त्याच्या प्रकारानुसार, दोन्ही दिशा मिळून तासाला ९०० ते १,५०० 'पॅसेंजर कार युनिट' एवढी वाहतूक पेलावी अशी अपेक्षा आहे. एका प्रकल्पाच्या ४८० गाड्यांनीच त्यातला तिसरा हिस्सा किंवा अर्ध्याहून अधिक जागा खाल्ली. त्याच रस्त्यावर आणखी तीन प्रकल्प मंजूर असतील तर?

सोसायटीतल्या चार जणांनी आठवड्यातले तीन कामाचे दिवस, सकाळी साडेआठ ते साडेदहा, चौकात उभं राहून गाड्या मोजल्या की सध्याची वाहतूक कळते. येऊ घातलेल्या सदनिकांची संख्या महारेराच्या संकेतस्थळावर मिळते. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाची विक्रीपूर्वी तिथे नोंदणी बंधनकारक आहे. मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रही तिथे अपलोड केलेलं असतं. एका रस्त्यावरच्या सगळ्या नोंदणीकृत प्रकल्पांच्या सदनिका एका तक्त्यात मांडल्या की जे चित्र दिसतं, ते कदाचित पालिकेच्या कोणत्याही एका विभागाकडेही नसेल. बांधकाम विभाग प्रत्येक फाइल सुटी पाहतो. पथ विभाग खड्डे आणि डांबर पाहतो. वाहतूक शाखा पोलिसांकडे, म्हणजे राज्याच्या गृह खात्याकडे असते. गाड्यांची बेरीज कुणाच्याच टेबलावर होत नाही.

दहा किलोमीटर जायला पुण्यात २०२४ मध्ये सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागत होती, असं टॉमटॉम या कंपनीच्या ट्रॅफिक इंडेक्सने म्हटलं होतं. त्या यादीत पुणे जगातलं चौथं सर्वात संथ शहर होतं. ही संथ गती कुठल्याही एका टॉवरमुळे आलेली नाही, आणि नेमकी तीच प्रत्येक टॉवरच्या बाजूची पळवाट ठरते.

पर्यावरण मंजुरीचं कमी वापरलं जाणारं दार

२० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असलेल्या प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पूर्व पर्यावरण मंजुरी लागते. त्यासाठीच्या अर्जात विकसकाला वाहतुकीबद्दलही लिहून द्यावं लागतं: पार्किंगची टंचाई होईल का, सध्याची वाहतूक व्यवस्था कशी आहे, प्रकल्पात शिरताना आणि बाहेर पडताना वाहतुकीचं नियोजन काय. राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समिती हा प्रस्ताव तपासते आणि तिच्या बैठकांची इतिवृत्तं सार्वजनिक असतात.

अडचण अशी की गृहप्रकल्पांना या प्रक्रियेत जनसुनावणीतून सूट आहे. कारखाना किंवा खाण येणार असेल तर गावात मांडव घालून सुनावणी होते. हजारो घरांची टाउनशिप येणार असेल तर होत नाही. त्यामुळे रहिवाशांनी स्वतःहून 'परिवेश' पोर्टलवर प्रस्ताव शोधून, निर्णयापूर्वी समितीला लेखी निवेदन पाठवणं एवढाच मार्ग उरतो. मंजुरी मिळाल्यावर तिला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत आव्हान देता येतं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे.

इथे नगरसेवकाची औपचारिक भूमिका शून्य आहे. पण अर्जात "समोर १८ मीटरचा रस्ता आहे" असं लिहिलेलं असेल आणि प्रत्यक्षात तो नसेल, तर प्रभागाच्या लोकप्रतिनिधीच्या सहीचं पत्र त्या निवेदनाला जोडलेलं असण्याने वजन येतं. तो सही करायला तयार आहे की नाही, एवढ्यावरूनही बरंच काही कळतं.

न्यायालयं कशासाठी थांबवतात?

रहिवाशांच्या सभेत हमखास कुणीतरी म्हणतं, "हायकोर्टात जाऊ." मुंबई उच्च न्यायालयाने नागरी सुविधांअभावी नव्या बांधकामांना लगाम घातल्याची उदाहरणं खरंच आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट होत नसल्याच्या कारणावर मुंबईत नव्या बांधकाम परवानग्यांवर निर्बंध आले. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातून अटींसह तात्पुरती सवलत दिली. २०१६ मध्येच पुण्यात बाणेर-बालेवाडीत आणि २०१७ मध्ये ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर पाणीटंचाईच्या याचिकांवरून नव्या परवानग्या काही काळ थांबल्या.

या सगळ्यांत कारण कचरा किंवा पाणी आहे, वाहतूक नाही. पाण्याची मागणी आणि पुरवठा लिटरमध्ये मोजता येतो. माणशी किती मिळायला हवं आणि किती मिळतं, याचं उत्तर पालिकेला शपथपत्रावर द्यावं लागतं. रस्त्याच्या बाबतीत असा ठरलेला माणशी हक्क कुठल्याही नियमात नाही. म्हणून केवळ कोंडीच्या मुद्द्यावरची याचिका कमकुवत पडते. अग्निशमन गाडी वळू शकेल का, परवानगीत धरलेली रुंदी अस्तित्वात आहे का, मंजुरीच्या वेळी घातलेली रस्ता बांधून देण्याची अट पुरी झाली का, असे मोजता येणारे मुद्दे त्यात असतील तर गोष्ट वेगळी.

चार नगरसेवक, मग जबाबदार कोण?

मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक असतो. पुण्यात २०२६ च्या निवडणुकीत ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडून आले, म्हणजे प्रत्येक प्रभागात चार आणि एका प्रभागात पाच. २०११ च्या जनगणनेचा आकडा धरला तरी एका प्रभागात सरासरी ८० हजारांहून जास्त लोक येतात. चौघे वेगवेगळ्या पक्षांचे असू शकतात. एकाच पक्षाचे असले तरी आपापसात भाग वाटून घेतात. "तो रस्ता माझ्याकडे नाही, दादांकडे आहे" हे वाक्य या पद्धतीचं थेट अपत्य आहे. कायदा असा भाग पाडत नाही. प्रभागातले चारही जण संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी असतात. त्यामुळे निवेदन एकाला न देता चौघांनाही एकाच दिवशी, एकाच मजकुराचं, पोच घेऊन द्यावं. उत्तरं वेगवेगळी आली तर तीही उपयोगाची.

नगरसेवकाला मुदतीआधी परत बोलावण्याचा अधिकार महाराष्ट्रात मतदारांना नाही. पण एक साधन कायद्याच्या पुस्तकात पडून आहे: क्षेत्रसभा. २००९ मध्ये महापालिका अधिनियमात कलम २९-ब ते २९-इ घालण्यात आली. त्यानुसार मतदान केंद्रांच्या क्षेत्रातल्या मतदारांची सभा नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली व्हायला हवी. दोन वर्षांत किमान चार सभा न घेणाऱ्या नगरसेवकाला अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे. ग्रामसभेचं शहरी रूप, असं म्हणता येईल. प्रत्यक्षात क्षेत्रसभेचं नावही बहुतेक शहरांत कुणी ऐकलेलं नाही, कारण ती भरवण्यात ना प्रशासनाला रस आहे ना पक्षांना. क्लब हाऊसमधली चहाची भेट आणि क्षेत्रसभा यांत मोठा फरक आहे. भेटीत दिलेलं आश्वासन हवेत विरतं, सभेतल्या सूचनांची नोंद करावी लागते.

दुसरं साधन लेखी प्रश्न. सर्वसाधारण सभेत नगरसेवक प्रशासनाला लेखी प्रश्न विचारू शकतात आणि त्याचं लेखी उत्तर मिळतं. अमुक रस्त्यावर गेल्या पाच वर्षांत किती सदनिकांना परवानगी दिली, त्यातून विकास शुल्क आणि प्रीमियम किती जमा झाला, त्याच रस्त्याच्या रुंदीकरणावर किती खर्च झाला: हे तीन आकडे एका उत्तरात आले तर ते दहा मोर्चांपेक्षा जड ठरतात. रहिवाशांनी प्रश्न तयार करून द्यावा, नगरसेवकाने तो विचारावा. विचारला नाही तर तीच माहिती माहिती अधिकारात मागता येते. अर्जाला १० रुपये शुल्क आणि उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत असावा असा नियम आहे, त्यामुळे तीन विषयांचे तीन अर्ज करावेत.

पैशाचा मुद्दा इथे टाळून चालत नाही. बांधकाम परवानगीतून मिळणारं विकास शुल्क आणि प्रीमियम हा मोठ्या महापालिकांच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार आहे. ज्या तिजोरीतून नगरसेवकाच्या प्रभागातली कामं होतात, ती भरते टॉवरमुळेच. परवानग्या मंदावल्या की अंदाजपत्रक खाली येतं. त्यामुळे सभेत कोंडीवर तळमळीने बोलणारे सदस्यही परवानग्या कमी करा असं क्वचितच म्हणतात. शिवाय पुण्यात घर घेणारा प्रत्येक जण एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का मेट्रो अधिभार भरतो. ८० लाखांच्या घरावर ८० हजार रुपये. वाहतुकीच्या नावाने घेतलेल्या या पैशातून आमच्या भागाला काय मिळालं, हा प्रश्न जुने आणि नवे रहिवासी एकत्र विचारू शकतात.

विरोधाचीही तपासणी हवी

प्रत्येक विरोध योग्यच असतो असं नाही. आज ज्या सोसायटीतून हरकत येते, तीसुद्धा दहा वर्षांपूर्वी कुणाच्यातरी शेजारी उभी राहिलेली असते. काही सोसायट्या शेजारच्या प्रकल्पाला कोंडीच्या नावाने विरोध करतात आणि त्याच महिन्यात स्वतःच्या पुनर्विकासासाठी जास्तीत जास्त एफएसआय देणाऱ्या विकसकाच्या निविदा उघडतात. परवडणारी घरं किंवा झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत येणार असेल तर 'ट्रॅफिक' हा शब्द कधी कधी दुसऱ्याच नाराजीसाठी वापरला जातो. मेट्रो स्थानकाजवळ दाट वस्ती होणं तर शहराच्या हिताचंच असतं, ती वस्ती दूर कुठेतरी गेली तर तिथल्या गाड्या शेवटी याच रस्त्याने येणार. सुजाण नगरसेवकाने हेही रहिवाशांना तोंडावर सांगायला हवं.

मुद्दा वेळेचा आणि क्रमाचाही आहे. "घरं नकोत" ही मागणी सहसा हरते. "आधी रस्ता, मग भोगवटा प्रमाणपत्र" ही मागणी टिकू शकते, कारण मोठे प्रकल्प टप्प्याटप्प्याने पुरे होतात आणि प्रत्येक टप्प्यावर पालिकेला पुन्हा सही करावी लागते.

मोठ्या संख्येने आणि वेळेत केलेल्या हरकती वाया जातात असंही नाही. मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या चुकांवर इतकी टीका झाली की एप्रिलमध्ये तो मागे घेऊन नव्याने करण्याचे आदेश मुख्यमंत्र्यांनी दिले. पुण्याच्या प्रारूप आराखड्यावर ८० हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या होत्या. पण तिथे सभेने मुदतीत निर्णय केला नाही म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडाच ताब्यात घेतला आणि नगरसेवकांच्या हातून तो विषय गेला. हरकती घेऊन रांगेत उभे राहिलेले हजारो पुणेकर आणि त्यांचे नगरसेवक, दोघेही मग पुढच्या निर्णयांचे प्रेक्षक झाले.

हद्दीवरच्या गावांचं काय?

सगळ्यात गोंधळाची स्थिती शहराच्या कडेला आहे. जून २०२१ मध्ये वाघोली, सूस, महाळुंगे, मांजरी बुद्रुक अशी २३ गावं पुणे महापालिकेत आली. पण त्या गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून राज्य सरकारने पीएमआरडीएला नेमलं. म्हणजे इमारतीला परवानगी आणि शुल्क एका संस्थेकडे, आणि रस्ता, पाणी, कचऱ्याची तक्रार दुसऱ्या संस्थेकडे. ग्रामपंचायती बरखास्त झालेल्या आणि पालिकेत प्रतिनिधी नाही, अशा अवस्थेत ही गावं जवळपास पाच वर्षं राहिली. २०२६ च्या निवडणुकीत त्यांनी पहिल्यांदा महापालिकेसाठी मतदान केलं. इथल्या नगरसेवकांना विचारायचा प्रश्न त्यामुळे आणखी आधीचा आहे: त्या पाच वर्षांत आमच्या रस्त्यावर कुणी, किती परवानग्या दिल्या, याची यादी तुम्ही पीएमआरडीएकडून मागवली आहे का?

आणि पलीकडे, नदी ओलांडून, हिंजवडी आहे. आयटी पार्क एमआयडीसीचा, टॉवरना परवानगी पीएमआरडीएची, गावाचा कारभार ग्रामपंचायतीचा, वाहतूक पिंपरी-चिंचवड पोलिसांची. तिथल्या तीसमजली इमारतीतल्या रहिवाशाला कोंडीबद्दल जाब विचारायला नगरसेवक नाही, सरपंच आहेत.